१७२६६००३३७ म्हणजे कोणती तारीख? टाइमस्टॅम्प वाचण्याची पूर्ण पद्धत

पेमेंट ॲपमधून वर्षभराचा अहवाल उतरवून घेतला, सोसायटीच्या गेटवरची नोंद एक्सेलमध्ये उघडली किंवा जुन्या फोनमधल्या मेसेजचा बॅकअप तपासायला घेतला, की पुष्कळदा तारखेच्या रकान्यात तारीखच नसते. असतो तो दहा नाहीतर तेरा अंकी आकडा, म्हणजेच टाइमस्टॅम्प. बहुतेक जण तो एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकतात आणि येईल ती तारीख उचलतात. बऱ्याचदा ती बरोबरही असते. पण चुकते तेव्हा ती बहुधा एका दिवसाने चुकते, आणि एका दिवसाची चूक पटकन दिसत नाही. वर्ष चुकलं तर कुणीही थांबून विचारेल. १८ च्या जागी १७ तारीख पडली, तर ती थेट हिशेबात जाऊन बसते.

आकड्यावरून तारीख काढण्याचं गणित शाळेतल्या भागाकाराइतकंच आहे. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: आकडा कोणत्या एककात आहे, मोजणी कुठून सुरू झाली आहे आणि उत्तर कोणत्या घड्याळाप्रमाणे हवं आहे. या तिन्हींची उत्तरं हातात नसतील तर कन्व्हर्टर कितीही चांगला असो, त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवू नका.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, गणेशोत्सव मंडळाचे २०२४ चे फोटो तारखेनुसार लावायचे आहेत. लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीतला एक फोटो आहे आणि त्याच्या फाइलचं नाव आहे १७२६६००३३७४८२. अनंत चतुर्दशी त्या वर्षी १७ सप्टेंबरला, मंगळवारी होती. पुण्याची विसर्जन मिरवणूक सकाळी मंडईतून निघते ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. मग हा फोटो १७ तारखेच्या फोल्डरमध्ये जाणार की १८ च्या?

आकडा मोजतो काय

संगणकाच्या जगात सगळ्यात जास्त चालणारी मोजणी युनिक्स या संगणक प्रणालीची. १ जानेवारी १९७० या दिवशी, यूटीसी म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेप्रमाणे मध्यरात्री शून्य वाजल्यापासून किती सेकंद झाले, एवढंच तो आकडा सांगतो. तो दिवस गुरुवार होता. त्या क्षणी पुण्यातल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले होते. हे साडेपाच लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडतं.

कल्पना म्हणून यात आपल्याला परकं काही नाही. पंचांगाच्या गणितात अहर्गण असतो तो हाच: एका ठरलेल्या दिवसापासून आजवर किती दिवस उलटले त्याची संख्या. कलियुगाचा अहर्गण इसवी सनपूर्व ३१०२ पासून मोजतात. महिने लहानमोठे, वर्षं कधी ३६५ दिवसांची तर कधी ३६६ ची. सरळ वाढत जाणारा एकच आकडा असला की दोन क्षणांमधलं अंतर नुसत्या वजाबाकीने निघतं. संगणकालाही हेच सोयीचं पडतं. फरक इतकाच की तो दिवसांऐवजी सेकंद मोजतो.

आधी अंक मोजा

एककाचा प्रश्न बहुतेक वेळा अंक मोजूनच सुटतो. सध्याच्या काळातला आकडा दहा अंकी असेल तर तो सेकंदांत आहे, तेरा अंकी असेल तर मिलिसेकंदांत, सोळा अंकी असेल तर मायक्रोसेकंदांत आणि एकोणीस अंकी असेल तर नॅनोसेकंदांत. सेकंदांची संख्या ९ सप्टेंबर २००१ रोजी दहा अंकी झाली आणि २२८६ सालच्या नोव्हेंबरपर्यंत दहा अंकीच राहील, त्यामुळे आपल्या हयातीत हा नियम चालेल. मात्र २००१ च्या आधीच्या नोंदी नऊ अंकी असू शकतात, आणि १९७० च्या आधीची तारीख, उदाहरणार्थ घरातल्या ज्येष्ठांची जन्मतारीख, ऋण संख्येत येते. वजाचं चिन्ह दिसलं म्हणून ती नोंद खराब समजून काढून टाकू नका.

आपला आकडा १७२६६००३३७४८२ तेरा अंकी आहे. म्हणून १००० ने भागायचं. १७२६६००३३७ सेकंद आणि वर ४८२ मिलिसेकंद. तारखेपुरते मिलिसेकंद सोडून दिले तरी चालतात.

एकक चुकलं की दिसणारी लक्षणं ठरलेली आहेत. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर सगळ्या नोंदी १९७० च्या जानेवारीत जमा होतात. आपला फोटो २१ जानेवारी १९७० च्या पहाटेचा दिसेल. उलट केलं, म्हणजे मिलिसेकंद हे सेकंद म्हणून वाचले, तर वर्ष ५० हजारांच्या पुढे जातं किंवा प्रोग्राम सरळ चूक दाखवून थांबतो. आणि नोंद नेमकी १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी आली, तर तिथे बहुधा वेळ नोंदलीच गेलेली नाही. रकाना रिकामा किंवा शून्य होता, त्याचं भाषांतर होऊन ही तारीख पडली. अशी ओळ वेगळी काढा आणि मूळ नोंदीत बघा. तिला अंदाजाने दुसरी तारीख देऊ नका.

मोजणीचा आरंभ

अंक मोजूनही मेळ बसत नसेल तर आरंभ वेगळा आहे असं समजा. विंडोज आपल्या फाइलींच्या वेळा १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, तेही शंभर नॅनोसेकंदांच्या एककात. आकडा अठरा अंकी आणि सध्या १३ ने सुरू होणारा. त्याला १ कोटीने भागून ११६४४४७३६०० वजा केले की युनिक्सचे सेकंद मिळतात. क्रोम ब्राउझर आपला इतिहास त्याच १६०१ पासून, पण मायक्रोसेकंदांत लिहितो. म्हणून तो आकडा सतरा अंकी असतो: १० लाखाने भागा आणि तीच संख्या वजा करा.

ॲपलची मोजणी १ जानेवारी २००१ पासून आहे. तिथल्या सेकंदांत ९७८३०७२०० मिळवले की युनिक्सची वेळ येते. ही जागा फसवी आहे. आपल्या फोटोचाच क्षण ॲपलच्या मोजणीत ७४८२९३१३७ असा नऊ अंकी होतो, आणि तो युनिक्सचा समजून वाचला तर सप्टेंबर १९९३ ही अगदी खरी वाटणारी तारीख मिळते. महिना तोच, वर्ष ३१ ने मागे. आयफोनच्या बॅकअपमधले मेसेज १९९३ चे दिसायला लागले तर कारण हे आहे. अलीकडच्या आयफोनमध्ये मेसेजची वेळ २००१ पासूनच्या नॅनोसेकंदांत असते, म्हणजे अठरा अंकी. विंडोजच्या अठरा अंकी आकड्याशी तिची गल्लत होऊ नये म्हणून सुरुवातीचे अंक बघा. सध्या विंडोजचा १३ ने सुरू होतो, आयफोनचा ७ किंवा ८ ने.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना आणखी एक प्रकार ओळखीचा असेल, ज्युलियन दिवसांचा. युनिक्सचा शून्य क्षण तिथे २४४०५८७.५ असतो आणि सुधारित ज्युलियन दिवसांत ४०५८७. या संख्या आधीच दिवसांत असतात, सेकंदांचा भागाकार करायला जाऊ नका.

एकदा कागदावर करून बघा

रोज हाताने कुणी करणार नाही, पण एकदा केलं की पुढे कुठल्याही साधनाची चूक पकडता येते. सेकंद आहेत १७२६६००३३७. उत्तर पुण्याच्या वेळेत हवं आहे, म्हणून सुरुवातीलाच साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवू: १७२६६२०१३७.

एका दिवसात ८६४०० सेकंद. भागाकार केला की पूर्ण दिवस येतात १९९८४ आणि बाकी उरते २५३७. बाकी म्हणजे त्या दिवसाची वेळ. २५३७ मध्ये तासाचे ३६०० बसत नाहीत, म्हणजे तास शून्य. ६० ने भागलं की ४२ मिनिटं आणि १७ सेकंद. फोटो मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४२ मिनिटांनी काढलेला आहे.

आता १९९८४ दिवसांची तारीख. १९७० पासून २०२३ अखेर ५४ वर्षं होतात, ५४ गुणिले ३६५ म्हणजे १९७१०. त्यात १९७२ पासून २०२० पर्यंतची लीप वर्षं १३. बेरीज १९७२३. म्हणजे १ जानेवारी २०२४ चा क्रमांक १९७२३, आणि आपल्याकडे उरले २६१ दिवस. २०२४ लीप वर्ष आहे, फेब्रुवारी २९ चा. जानेवारीचे ३१ काढले की २३०, फेब्रुवारी गेला की २०१, मार्च १७०, एप्रिल १४०, मे १०९, जून ७९, जुलै ४८, ऑगस्ट १७. सप्टेंबरचे ३० आता निघत नाहीत, म्हणजे महिना सप्टेंबर. मोजणी शून्यापासून होती, म्हणून १७ मध्ये १ मिळवायचा: १८ सप्टेंबर २०२४. हा शेवटचा १ विसरण्याची चूक फार होते, प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडूनही.

वार तपासून घ्या, ती चांगली पडताळणी आहे. १९९८४ ला ७ ने भागलं की बाकी ६. पहिला दिवस गुरुवार होता, त्यापुढे सहा दिवस म्हणजे बुधवार. १८ सप्टेंबर २०२४ बुधवारच होता.

लीप सेकंदाची चिंता इथे करायची गरज नाही. १९७२ पासून असे २७ सेकंद जगाच्या घड्याळात घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. युनिक्सची मोजणी त्यांना धरतच नाही, प्रत्येक दिवस ८६४०० चाच मानते. म्हणूनच वरचा भागाकार इतका सरळ होतो.

साडेपाच तास कुठे मिळवायचे

आपण १९८०० मिळवले नसते तर उत्तर १७ सप्टेंबर, संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटं असं आलं असतं. गणितात चूक काहीच नाही, ती यूटीसीची वेळ आहे. पण टिळक चौकाच्या दिशेने सरकणाऱ्या मिरवणुकीतला मध्यरात्रीनंतरचा फोटो आदल्या संध्याकाळच्या फोल्डरमध्ये गेला असता. आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत यूटीसीची तारीख नेहमी एक दिवस मागे असते. दिवसाउजेडी चालणाऱ्या दुकानाच्या बिलांना याचा त्रास होत नाही. रात्रपाळी, गेटवरच्या गाड्यांची नोंद, रात्री उशिराची ऑनलाइन पेमेंटं, विसर्जनाचे फोटो, हे सगळं नेमकं त्या साडेपाच तासांत सापडतं.

एका बाबतीत आपलं काम सोपं आहे. भारतात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नाही आणि १९७० नंतर आपली वेळ कायम यूटीसीच्या ५:३० पुढेच आहे. त्यामुळे वर्षातल्या कुठल्याही दिवसाला तेच १९८०० चालतात. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या नोंदी असतील तर मात्र ठरावीक संख्या मिळवू नका. तिथे मार्चमध्ये आणि पुन्हा शरद ऋतूत हा फरक बदलतो.

दुसरा धोका उलटा आहे: साडेपाच तास दोनदा मिळवले जाणं. काही साधनं आकडा देताच संगणकाच्या घड्याळाप्रमाणे तारीख दाखवतात, आणि आपण वर आणखी १९८०० मिळवून बसतो. मग संध्याकाळी साडेसहानंतरची प्रत्येक नोंद पुढच्या दिवशी उडी मारते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे माहीत असलेली ओळ. अहवालातली अशी एक नोंद शोधा जिची वेळ तुम्हाला दुसरीकडून पक्की माहीत आहे: बँकेचा एसएमएस, छापील पावती, काहीही. ती आधी बदलून बघा. उत्तर जुळलं तरच उरलेल्या हजार ओळींना हात लावा. तासांचा फरक ५:३० किंवा ११:०० आला तर कुठे चुकलं ते लगेच कळेल.

एक्सेलमध्ये

एक्सेल तारीख दिवसांत मोजतं आणि त्याच्या मोजणीत १ जानेवारी १९७० चा क्रमांक २५५६९ आहे. म्हणून आकडा ए२ या खान्यात असेल तर सूत्र होतं: =(ए२+१९८००)/८६४००+२५५६९. तेरा अंकी असेल तर: =(ए२/१०००+१९८००)/८६४००+२५५६९. टाइप करताना खान्याचं नाव आणि आकडे अर्थातच इंग्रजीत. एंटर दाबल्यावर ४५५५३.०२९ असं काहीतरी दिसेल. इथे पुष्कळ जण सूत्र चुकलं समजून पुसून टाकतात. सूत्र बरोबर आहे, फक्त खान्याला तारखेचं रूप दिलेलं नाही. खान्यावर राइट क्लिक करा, फॉरमॅट सेल्समध्ये जा, तारीख आणि वेळ दोन्ही दाखवणारा प्रकार निवडा. नुसती तारीख निवडू नका. वेळ डोळ्यांसमोर असली तर साडेपाच तासांची चूक दिसते, एरवी लपून राहते.

आकडाच १.७२६६ई+१२ असा दिसत असेल तर घाबरू नका, रकाना अरुंद किंवा साध्या प्रकारात आहे. नंबर हा प्रकार देऊन दशांश शून्य करा. पण सोळा अंकी आणि त्याहून मोठ्या आकड्यांचं दुखणं खरं आहे. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं आणि ते परत मिळत नाहीत. तारखेला त्याने फरक पडत नाही, पण तोच आकडा नोंद ओळखण्यासाठीही वापरला जात असेल तर दोन वेगळ्या नोंदी एक होतील. अशी फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका; डेटा टॅबमधून आयात करा आणि तो रकाना टेक्स्ट म्हणून घ्या. मूळ रकाना तसाच ठेवून शेजारी नवा रकाना करायची सवय तर हवीच.

जुन्या मॅकवर बनलेल्या काही एक्सेल फाइलींची मोजणी १९०४ पासून असते. तिथे २५५६९ च्या जागी २४१०७ घ्यायचे. तारखा चार वर्षं आणि एका दिवसाने सरकलेल्या दिसल्या तर हेच कारण.

गूगल शीट्समध्ये वरचंच सूत्र जसंच्या तसं चालतं. तिथे ईपॉकटूडेट नावाचं तयार फंक्शनही आहे. सेकंदांसाठी दुसरी जागा १, मिलिसेकंदांसाठी २, मायक्रोसेकंदांसाठी ३. पण ते उत्तर यूटीसीत देतं, पुण्याच्या वेळेसाठी त्यात ५.५/२४ मिळवावे लागतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात

लिनक्सवर डेट ही आज्ञा, हायफन डी आणि ॲट चिन्हाला चिकटून आकडा. मॅकवर त्याच आज्ञेला हायफन आर. सर्व्हर यूटीसीवर लावलेला असला तर उत्तरही यूटीसीतच येईल, तेव्हा आशिया/कोलकाता हे नाव टीझेडमध्ये आधी घाला. पायथनमध्ये फ्रॉमटाइमस्टॅम्पला टाइमझोन उघडपणे द्या; यूटीसीफ्रॉमटाइमस्टॅम्प आता वापरू नका, ३.१२ आवृत्तीपासून त्यावर तशी सूचनाच येते. जावास्क्रिप्टच्या डेटला मिलिसेकंद लागतात, सेकंद दिले की जानेवारी १९७० ठरलेला. मायएसक्यूएलचं फ्रॉम युनिक्सटाइम त्या जोडणीच्या टाइमझोननुसार उत्तर देतं; एकच क्वेरी दोघांच्या लॅपटॉपवर दोन तारखा दाखवू शकते, हे टीममध्ये सांगून ठेवा.

फाइलच्या नावातला आकडा कोणत्या घटनेचा आहे तेही तपासा. फेसबुकवरून फोनमध्ये जतन केलेल्या चित्राच्या नावात तेरा अंकी आकडा असतो, पण तो जतन केल्याचा क्षण, फोटो काढल्याचा नव्हे. मंडळाच्या संग्रहासाठी शक्य असेल तिथे मूळ फाइल मागवा. कॅमेऱ्याने आत लिहिलेली वेळ तिच्यात मिळते.

तारखेवरून आकडा

आर्थिक वर्षाच्या नोंदी गाळायच्या असतात तेव्हा उलट जावं लागतं. २०२४-२५ हे वर्ष आपल्याकडे १ एप्रिल २०२४ च्या मध्यरात्री सुरू झालं. १ जानेवारी २०२४ चा क्रमांक १९७२३, पुढे तीन महिन्यांचे ९१ दिवस, म्हणजे १९८१४. गुणिले ८६४००, आणि आता १९८०० वजा: १७११९०९८००. पुढच्या १ एप्रिलची सीमा याच रीतीने १७४३४४५८००. गाळणी लावताना पहिल्या आकड्यापासून पुढे आणि दुसऱ्याच्या आत, अशी लावा. ३१ मार्चचे ११:५९:५९ लिहीत बसलात तर त्या शेवटच्या सेकंदातल्या मिलिसेकंदांच्या नोंदी गळतील. आणि १९८०० वजा केले नाहीत तर १ एप्रिलला पहाटेपर्यंत आलेली पेमेंटं मागच्या वर्षात मोजली जातील. तुमच्या सीएला आधी विचारून घ्या की मूळ अहवाल कोणत्या वेळेत आहे.

शेवटी २०३८. बऱ्याच जुन्या प्रणालींत ही संख्या ३२ बिटांत साठवलेली आहे आणि त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. तो क्षण भारतात १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येईल. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प हा प्रकारही तिथेच थांबतो. आज कोथरूडमधल्या फ्लॅटसाठी २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर त्याचा शेवटचा हप्ता त्या सीमेच्या पलीकडे पडतो, म्हणजे हप्त्यांचं वेळापत्रक बनवणाऱ्या प्रोग्रामला ही अडचण आजच येते. तपासणं सोपं आहे: तुमच्या प्रणालीला २१४७४८३६४८ हा आकडा द्या. ८ वाजून ४४ मिनिटं ८ सेकंद आले तर ठीक. डिसेंबर १९०१ दिसला किंवा चूक आली, तर तो रकाना ६४ बिटांचा करून घ्या.